आधी अळ्या गोळा करा, मग मृतदेह धुवा

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवे, असे तिचे कलम १७६(३) सांगते. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. या तयारीत अळ्यांचा विसर पडू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

कुजलेला मृतदेह सापडला की नाकाला रुमाल लावून पंचनामा उरकतात आणि अळ्या बहुधा शवागाराच्या मोरीत जातात. खरे तर दोन-तीन दिवस उलटले की शरीराचा ताठरपणा, तापमान यांवरून मृत्यूची वेळ सांगणे डॉक्टरांना जड जाते. नेमक्या तेव्हाच या अळ्या कामाला येतात. निळ्या-हिरव्या माश्या उघड्यावरच्या मृतदेहाच्या डोळ्यांत, नाकात, जखमांत अंडी घालतात. अळीच्या मागच्या टोकाला श्वासरंध्रांच्या फटी असतात : दुसऱ्या अवस्थेत दोन, तिसऱ्या अवस्थेत तीन. त्या मोजल्या की अळीची अवस्था कळते, त्यावरून तिचे वय आणि त्यावरून मृत्यूला किमान किती दिवस झाले ते. पोट भरलेली अळी मृतदेहापासून लांब सरकते, मातीत शिरून तपकिरी कोष करते. हे कोष उंदराच्या लेंड्यांसारखे दिसतात, त्यामुळे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आणि अनेकदा सर्वांत जुना पुरावा तोच असतो!

१९३५ मध्ये स्कॉटलंडमधील मॉफॅटजवळ दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सापडले. ग्लासगोच्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी अळ्यांचे वय १२ ते १४ दिवस ठरवले. दोघी बेपत्ता झाल्याच्या तारखेशी ते जुळले. फासावर गेलेला आरोपी डॉ. बक रक्स्टन मूळचा आपल्या मुंबईचा.

फॉरेन्सिक व्हॅनमध्ये चिमटा, डब्या, अल्कोहोल आणि थर्मामीटर ठेवायला कितीसा खर्च येणार? काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, काही जिवंत वाढवायच्या. माशी बाहेर पडली की जात खात्रीने ओळखता येते. अवघड आहे ते पुढचे. अळीची वाढ तापमानावर चालते. चंद्रपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै यांना अळीच्या वाढीचे युरोपातले तक्ते कसे लागू पडणार? आपले तक्ते आपणच करायला हवेत, आणि महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग ते करू शकतात.

मृतदेह गोणीत किंवा बंद खोलीत असेल तर माश्या उशिरा पोचतात. म्हणून अहवालात ‘किमान इतके दिवस’ असेच लिहिले जावे. वकील मंडळी उलटतपासणीत हाच मुद्दा धरतात.

तूर्त एक परिपत्रक काढावे : अळ्या व कोष मुद्देमाल म्हणून जप्त केल्याशिवाय मृतदेह धुऊ नये.

कळावे,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक