बाबांच्या फुप्फुसाबद्दल

नागपूर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर म्हणालात, "माझं एक फुप्फुस घे, मला एकावर भागतं." मला हसू आलं, हसण्यातून खोकला, आणि बोलणं राहूनच गेलं. लिहिताना दम लागत नाही, म्हणून हे पत्र.

किडनी देता येते, यकृताचा तुकडाही. जिवंत माणसाचं फुप्फुस मात्र अगदी क्वचित घेतात, आणि एका पेशंटसाठी दोघांचा एकेक भाग काढावा लागतो. म्हणजे आईलाही टेबलावर घ्यावं लागेल! तुमच्या वयात कुणी हात लावणार नाही. मेंदू मृत झालेल्या कुणाच्या घरच्यांनी होकार दिला, तरच मला मिळेल. त्यातही रक्तगट जुळायला हवा आणि छातीचं मापही. माझा बांधा लहान, धिप्पाड माणसाचं फुप्फुस मावायचं नाही. म्हणून आई, 'कितवा नंबर' विचारू नकोस. ही रेशनची रांग नाही.

आता मुद्द्याचं. फुप्फुसासाठी माझी नोंदणी हैदराबादच्या हॉस्पिटलात आहे आणि आम्ही तिकडेच राहायला जायचं ठरवलंय. काढलेलं फुप्फुस थंड ठेवून साधारण ६ तास टिकतं. इथून हैदराबाद ५०० किलोमीटर. मध्यरात्री फोन आला तर सिलिंडर घेऊन कधी पोचणार?

"आपली माणसं सोडून काहून जातं?" असं तू म्हणशील. पण इथला उन्हाळा झेपत नाही गं. कूलर बंद केलाय. त्याच्या ओल्या गवतातली बुरशी आणि गॅलरीतली कबुतरं यांनीच माझी फुप्फुसं बिघडवली, असा डॉक्टरांचा संशय आहे. ४५ अंशांत लाइट गेली की ऑक्सिजनचं मशीन किंचाळतं. हे धावत जाऊन नळी सिलिंडरला जोडतात, तोवर बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा ८२ पर्यंत उतरलेला असतो. नळी स्वयंपाकघरापर्यंत पुरते, पण गॅसजवळ जायची बंदी. ऑक्सिजनमुळे भडका उडायची भीती. सध्या ह्यांच्या हातच्या पोळ्या खाते. जास्त लिहीत नाही, पत्र तेच पोस्टात टाकणार आहेत.

ह्यांची नोकरी इथली, त्यांना ये-जा करावी लागेल. सोबतीला कायम घरचं माणूस हवं, अशी तिथली अट आहे. आई, तू येशील ना? बाबांना मागे ठेवून तुला करमणार नाही, म्हणून दोघंही या. फक्त बाबा, मोतीबिंदूचं पुढं ढकलू नका. ते आधी उरकून घ्या, नंतर महिनोन्महिने जमायचं नाही.

तुमची,
बेबी