कर्ज विकणाऱ्यालाही नंबर लागू द्या

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी डोंबिवलीत आम्ही घर घेतले. साइट ऑफिसात ज्याने फ्लॅट दाखवला, त्याच्या कार्डावर महारेराचा नोंदणी क्रमांक होता. 2016च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यातील कलम 9 प्रमाणे तो क्रमांक त्याने केलेल्या प्रत्येक सौद्यात नमूद करावा लागतो. 2023मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. शेजारच्या टेबलावर बसून ज्याने आम्हाला 40 लाखांचे गृहकर्ज मिळवून दिले, त्याच्या कार्डावर मात्र बँकेचे बोधचिन्ह आणि मोबाइल नंबर एवढेच होते.

कर्जवाला हा पोरगा गोड बोलायचा. ‘काका, फाइल आजच लॉगिन करून टाकतो,’ म्हणजे बँकेत अर्ज दाखल करतो. ती त्याने एका बँकेत टाकली की चार ठिकाणी, हे पुढे सिबिल अहवालात, म्हणजे माझ्या कर्जव्यवहारांच्या नोंदीत, बँकांनी केलेल्या चौकशा मोजल्यावर कळले. फॉर्मवर पेन्सिलने फुल्या मारलेल्या होत्या. जिथे फुली, तिथे सही. त्या ढिगात कर्जाच्या विम्याचाही कागद होता, आणि 1 लाख 80 हजारांचा एकरकमी हप्ता कर्जाच्या रकमेतच मिळवलेला होता. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षे फेडताना त्याचे पावणेचार लाख होतात. न वाचता सही केली ही माझी चूक, कबूल. पण ‘विम्याशिवाय सँक्शन होत नाही’ हे वाक्य ज्याने तोंडी ऐकवले, त्याला कोण विचारणार?

कर्जाचे पैसे बिल्डरला पोहोचले आणि त्या पोराचा फोन बंद झाला. शाखेत गेलो, तर उत्तर मिळाले, ‘तो आमचा स्टाफ नाही.’ साहेब, आपल्याच 2006च्या आउटसोर्सिंगच्या मार्गदर्शक सूचनांपासून नियम आहे, की डीएसएच्या, म्हणजे बँकेसाठी कर्ज विकणाऱ्या बाहेरच्या एजंटाच्या, कृतींची जबाबदारी बँकेचीच. नियम उत्तम आहे. पण तो लावायचा तर हा माणूस त्या बँकेचाच होता, हे आधी मी सिद्ध करायचे! बरेच हेलपाटे घालून अर्जाची प्रत मिळवली. ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ या चौकटीत एक सोर्सिंग कोड, म्हणजे कर्ज आणणाऱ्या एजंटाचा क्रमांक, होता. चौकशी केल्यावर कळले, की तो कोड ज्या फर्मचा आहे तिचे नावही मी कधी ऐकले नव्हते. आमचे काम केलेला पोरगा त्या फर्मला गिऱ्हाइके आणून देणारा ‘कनेक्टर’ होता, म्हणजे बँकेच्या यादीत तो कुठेच नव्हता.

माझा राग त्याच्यावर फारसा नाही. कर्ज वाटप झाले तरच त्याला पेआउट, म्हणजे कमिशन, आणि महिनाअखेरीला टार्गेट. असा माणूस ‘काका, एवढे कर्ज घेऊ नका’ असे कधी म्हणेल?

विमा एजंटाला परीक्षा द्यावी लागते. म्युच्युअल फंड विकणाऱ्याला एनआयएसएम या संस्थेची परीक्षा आणि एआरएन हा नोंदणी क्रमांक लागतो. कर्जवसुलीला दारात येणाऱ्या एजंटालासुद्धा प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवणे आपण 2008मध्ये बंधनकारक केले. कर्ज थकले की येणाऱ्याची पात्रता तपासायची आणि ते गळ्यात बांधणाऱ्याला ‘बँकेने प्रशिक्षण द्यावे’ एवढ्यावर सोडायचे, हा क्रम मला उलटा वाटतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून मिळणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक, चांगले आहे. विम्यासारखे खर्च धरून खरा वार्षिक दर त्यात दिसतो. वसुली एजंटांबाबतचे कलम करारात कुठे आहे, हेही त्यात लिहावे लागते. कर्ज कोणी आणले आणि त्याला किती मिळाले, यासाठी मात्र एक ओळ नाही.

अमेरिकेत 2008च्या सेफ कायद्याने गृहकर्ज देणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि ब्रोकरांना कायमचा ओळख क्रमांक दिला. न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याने कर्ज घेण्यापूर्वी घरबसल्या तो तपासला. जास्त व्याजाचे कर्ज विकले म्हणून जास्त मोबदला, हा प्रकारही तिथे 2010च्या कायद्याने बंद केला.

आपल्याकडे निदान एवढे करा. डीएसए आणि कनेक्टर, दोघांचीही कोणालाही पाहता येईल अशी एकच नोंदवही रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर ठेवा. समोर बसलेल्या माणसाचा क्रमांक आणि त्याचे कमिशन ‘की फॅक्ट स्टेटमेंट’च्या पहिल्या पानावर छापायला लावा. बिननोंदणीच्या माणसाने आणलेली फाइल बँकेने लॉगिनच करून घेऊ नये. कनेक्टरना वगळलेत, तर सगळा धंदा त्याच फटीतून चालेल. आजही तो तिथूनच चालतो आहे.

आपला,
एक गृहकर्जदार, डोंबिवली
(अजून 19 वर्षांचे हप्ते बाकी)