फैजपूरने आधी शेतसारा कमी करायला सांगितले होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वसाहती कशा सुटल्या यावरचा लेख वाचला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन कर्जात बुडाले, साम्राज्य परवडेना, म्हणून १९४७ उजाडले, असा त्याचा सूर आहे. ब्रिटन खंगले होते हे खरेच. पण हॉलंडचे हाल त्याहून वाईट होते, अख्खा देश जर्मनांच्या टाचेखाली होता. तरी १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर डच फौजा तिथे परतल्याच आणि सत्ता सोडायला डिसेंबर १९४९ उजाडला. फ्रान्सने व्हिएतनाममध्ये तेच केले, अल्जीरियात तर १९६२ पर्यंत. नुसत्या अशक्तपणाने कोणी हातातले सोडत नाही. लोक मागू कधी लागले आणि का, हे आधी विचारायला हवे.

मी फैजपूरचा. आमच्या भागाला याचे उत्तर फार जुने ठाऊक आहे. १८५२ साली इंग्रजांनी खानदेशात जमिनीची नवी मोजणी काढली, तेव्हा सावदा, फैजपूर, यावल, एरंडोलकडचे शेतकरी उठले. मोजणी झाली की सारा, म्हणजे जमिनीवरचा कर, चढणार, ही धास्ती. एरंडोलला मोजणीवाल्या साहेबांच्या तंबूंना जमावाने वेढा घातला. फौज आली, म्होरके धरले गेले आणि मोजणी पुढे चाललीच. त्या लोकांनी स्वराज्य मागितले नव्हते. आमचे ऐका, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

अमेरिकेतल्या तेरा वसाहतींचेही असेच झाले. १७६५ च्या मुद्रांक करावरून त्यांची तक्रार सुरू झाली, ती आपण राजाची प्रजा आहोत असे म्हणतच. १७७५ मध्ये त्यांनी राजाकडे शेवटचा विनंतीअर्ज धाडला. राजाने तो हातातही घेतला नाही. पुढच्याच जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. आपल्या सातपुड्यातला खाज्या नाईकही एके काळी इंग्रजांच्याच नोकरीत सेंधव्याचा घाट राखत होता. पुढे त्याच्याच माणसांनी ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला इंग्रजी फौजेशी झुंज दिली.

आमच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची १९३१ ची सारापावती आहे. कागद घड्यांवर फाटलेला, तलाठ्याची शाई विटकरी झालेली. त्या वर्षी मंदीने कापसाचा भाव बसला होता. सारा मात्र बसला नव्हता, कारण तो रोकड आणि ठरलेला. हातातली पाटली या पावतीत गेली, असे आजी आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघून सांगायची. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला, पण साम्राज्य म्हणजे काय हे मला त्या मनगटावरून जितके कळले तितके कुठल्या धड्यावरून कळले नाही.

म्हणून डिसेंबर १९३६ चे फैजपूर मला फार मोठे वाटते. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. धनाजी नाना चौधरींनी ते अंगावर घेतले, अमळनेरची मास्तरकी सोडून चळवळीत पडलेले साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. आजी तेव्हा बैलगाडीतून गेली होती. भाषणातले सगळे समजले नाही, पण साऱ्याचे बोलले ते समजले, म्हणायची. बरोबरच आहे. सारा आणि कुळाने मालकाला द्यायचा खंड कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, हे त्या अधिवेशनाच्या शेतकी कार्यक्रमात होते. आणि त्याच मांडवात इंग्रजांनी हिंदुस्थानच्या कारभारासाठी केलेला १९३५ चा कायदा नाकारून प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीची मागणी झाली. ज्या मातीत १८५२ ला ‘सारा वाढवू नका’ एवढेच म्हटले गेले, तिथेच चौऱ्याऐंशी वर्षांनी ‘राज्यघटना आमची आम्ही करू’ म्हटले गेले. मधल्या काळात अर्ज-विनंत्यांचे काय झाले ते लोकांनी पाहिले होते.

युद्धकाळातही सरकारचा सूर बदलला नव्हता. लोकांना आपले सरकार निवडायचा हक्क आहे, असे ब्रिटन-अमेरिकेच्या संयुक्त जाहीरनाम्यात, अटलांटिक सनदेत, ऑगस्ट १९४१ मध्ये लिहिले गेले. ९ सप्टेंबर १९४१ ला ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी पार्लमेंटात सांगून टाकले की सनद करताना नाझींच्या ताब्यातला युरोप डोळ्यांसमोर होता, हिंदुस्थान-ब्रह्मदेशाचा प्रश्न वेगळा. बरोबर एक वर्षाने, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारच्या रस्त्यावर हातात तिरंगा धरलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. हे दोन दिवस शेजारी ठेवून पाहिले की लेखातले ‘परवडेना’ हे कारण मला तरी पुरत नाही.

माझी विनंती एवढीच आहे. नंदुरबारच्या हुतात्म्यांवर आपण दर सप्टेंबरात लिहिता, ते वाचून आजही डोळे भरतात. यंदा १८५२ वरही लिहा. जळगाव-धुळ्याच्या जुन्या घरांतून अशा पावत्या, मोजणीचे कागद अजून निघतील. वाळवी लागण्याआधी ते मागवा. आमच्या ट्रंकेतली पावती पहिली पाठवतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव