काका, रिकाम्या क्रेटचं वजन 1 किलो 700 ग्रॅम होतं

ती. स्व. काका,
साष्टांग नमस्कार.

गेल्या गुरुवारी माझ्या हातून एक पाप होता होता राहिलं, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे आर्टिकलशिपला, म्हणजे सी.ए. व्हायच्या आधीच्या उमेदवारीला, एक मुलगा आहे, उमरग्याचा. त्याने एका क्लायंटचं जीएसटीचं रिकन्सिलिएशन केलं, म्हणजे खरेदीचं रजिस्टर आणि जीएसटी पोर्टलवरचं 2बी हे स्टेटमेंट यांचा मेळ घातला. त्यात एक क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद, वजा करायची ती त्याने मिळवली. क्लायंटचा फोन आला आणि त्याला जे बोलायचं ते बोलून त्याने तो आपटला. मी केबिनबाहेर बघून "हे कुणी केलंय?" असं ओरडायला तोंड उघडलं. समोर फाइल उघडी होती. डावीकडे, काम करणाऱ्याच्या रकान्यात, त्या पोराचं इनिशिअल, उजवीकडे, तपासणाऱ्याच्या रकान्यात, माझं. मी तोंड मिटलं, पाणी प्यायले आणि क्लायंटला परत फोन लावला. फोनवर काय म्हणाले ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमचंच वाक्य होतं, मी फक्त आवाज दिला.

त्या रात्री मला झोप आली नाही. तुमचे आभार मी कधी मानलेच नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं.

तुमच्या ऑफिसात मी कशी आले ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आता सांगते. फेब्रुवारी 2014. आयपीसीसी, म्हणजे सी.ए.ची मधली परीक्षा, पास होऊन बार्शीची मी पुण्यात आले, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले आणि एका ऑफिसात लागले. स्टायपेंड हजार रुपये, सी.ए.च्या संस्थेने ठरवलेला कमीत कमी तेवढा, वर एक पैसा नाही. कॉटचं भाडंच त्याच्या दुप्पट होतं, ते वडील पाठवायचे. मुलाखतीत तिथल्या सरांनी सांगितलं होतं, "आमच्याकडे रोटेशन असतं, सगळ्या कामांतून फिरवतो." फिरवलं खरं. झेरॉक्सच्या मशीनपासून बँकेच्या काउंटरपर्यंत, तिथून पोस्टात आणि पोस्टातून सरांच्या मुलाच्या शाळेत फी भरायला. नियमाने आठवड्याचे तास 35. आमचे ते गुरुवारी दुपारीच संपायचे.

त्याचाही राग नाही. पोरांनी झेरॉक्स काढली तर काही बिघडत नाही. राग आहे तो इनिशिअलचा. एका क्लायंटचं बँक रिकन्सिलिएशन मला चार दिवस जुळेना. पाचव्या दिवशी सापडलं की एकच चेक दोनदा नोंदवलाय, आणि तसं आणखी तीन ठिकाणी झालंय. मी खूश. सिनिअरने तो कागद घेतला, 'प्रिपेअर्ड बाय'समोरचं माझं इनिशिअल व्हाइटनरने पुसलं आणि स्वतःचं टाकलं. व्हाइटनर वाळायच्या आत. पुढच्याच महिन्यात एका क्लायंटचा टीडीएस 7 तारखेच्या आत भरायचा राहिला. चलनाची रक्कम त्याच सिनिअरने कळवायची होती. सर ओरडायला लागले तेव्हा तो स्क्रीनकडे बघत बसला. "आर्टिकलकडून राहिलं" एवढंच म्हणाला, माझं नावही न घेता. त्या दिवशी मला तिथला कायदा कळला. काम चांगलं झालं की सही वर सरकते आणि चुकलं की खाली.

पहिल्या वर्षाच्या आत बदली घेतली तर घेतली, नंतर ठरावीक कारणांशिवाय मिळत नव्हती. 109 नंबरच्या फॉर्मवर सही मागायला मी सात आठवडे त्या केबिनच्या दारात उभी राहिले. मिळाली एकदाची. देताना म्हणाले, "जा, पण कुठेही गेलीस तरी हेच असतं." काका, ते खोटं होतं हे तुमच्यामुळे कळलं.

तुमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी माझी नजर गेली ती भिंतीवरच्या फुलस्केप कागदावर. पट्टीने आखलेला, आडव्या ओळीत आम्हा नऊ आर्टिकलची नावं, उभ्या रकान्यांत महिने, आत पेन्सिलीने लिहिलेलं: ऑडिट, इन्कम टॅक्स, व्हॅट-सर्व्हिस टॅक्स, आरओसी म्हणजे कंपनी निबंधकाकडची कामं. दर तीन महिन्यांनी तुम्ही खुर्चीवर चढून खोडरबरने नावं हलवायचात. तुम्ही सी.ए. नव्हतात. फायनलचा एक ग्रुप राहिला, घरी अडचण होती, मग राहिलाच, एवढंच कानावर होतं. व्हिजिटिंग कार्डावर तुमचं नाव नव्हतं, पण तो चार्ट तुमचा होता आणि त्यात पार्टनरचंही चालत नसे. टॅक्सवाले साहेब एकदा माझ्यादेखत म्हणाले होते, "ही इथे बरी चालतेय, सहा महिने राहू दे." तुम्ही म्हणालात, "साहेब, तुमचं काम होईल, तिचं राहील." आणि 1 तारखेला मी ऑडिटला.

काय काय पाहिलं त्या दोन वर्षांत! नव्या कंपनी कायद्याने घसाऱ्याचे दर जाऊन मालमत्तेचं आयुष्य आलं. तेव्हा 1990 च्या लेथ मशीनचं किती आयुष्य शिल्लक आहे यावर आपण दुपारभर वाद घातला होता. व्हॅट ऑडिटचा 704 नंबरचा फॉर्म 15 जानेवारीपर्यंत भरायचा, म्हणून आमच्या कुणाच्याच संक्रांतीला तिळगूळ गोड लागला नाही. आणि इंदापूरकडचं ते बँक ब्रँच ऑडिट, एप्रिलचं, पंखा बंद. मी एका शेतकऱ्याच्या पीककर्जाचे थकलेले दिवस बोटांवर मोजून ते बुडीत खात्याकडे निघालंय असं ऐटीत जाहीर केलं, "90 दिवस झाले, एनपीए." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तू बार्शीची ना? ज्वारी 90 दिवसांत घरी येते का?" पीककर्जाला हंगाम मोजायचा असतो हे पुस्तकात मी वाचलेलं होतं, पाठही होतं. पण आमच्या रानातली ज्वारी आणि पुस्तकातला तो परिच्छेद यांची गाठ तुम्ही घालून दिलीत.

पण आभार त्याचे नाहीत. शिकवणारे पुढेही भेटले. आभार आहेत ते क्रेटच्या दिवसाचे.

31 मार्च 2015. भोसरीचा तो पितळी पार्ट बनवणारा कारखाना, आणि माझी तुमच्याकडची पहिली स्टॉक मोजणी. बारीक इन्सर्ट, एकेक मोजणं शक्यच नाही. 100 नग वजन करायचे, त्यावरून एका नगाचं वजन काढायचं, मग भरलेली क्रेट काट्यावर ठेवायची आणि भागायचं. मी 40 क्रेट तपासल्या. सगळीकडे साठा नोंदीपेक्षा जास्त. मला वाटलं, मोठं घबाड सापडलं! रात्री बसून सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला. तुमच्या टेबलावर त्या आठवड्यात फायलींचा ढीग होता. तुम्ही बेरजा पडताळल्यात, 'चेक्ड बाय'ला सही केलीत, आणि साहेबांनी तो शेरा कंपनीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांचा फोन. स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्या ऑफिसने ऐकला. "साहेब, तुमच्या आर्टिकलने क्रेटसकट पितळ मोजलंय हो." आणि मागे तीन-चार माणसं हसली.

साहेबांनी दोघांना आत बोलावलं. फाइल टेबलावर होती. माझ्या घशाला कोरड पडली होती. मी मनात त्या जुन्या सिनिअरचं वाक्य ऐकत होते, की आता तुम्ही म्हणाल, नवीन आहे, आर्टिकलकडून राहिलं. आणि ते खोटंही नसतं. चूक माझीच होती, रिकाम्या क्रेटचं वजन मीच विसरले होते.

साहेब म्हणाले, "हे कुणी केलं?"

तुम्ही खिशातून हिरवं पेन काढलंत. टोपण काढून मागे लावलंत, नेहमीसारखं, सावकाश. फाइल स्वतःकडे वळवलीत आणि 'चेक्ड बाय'समोरच्या तुमच्या सहीभोवती एक गोल काढलात. म्हणालात, "साहेब, तिची सही डावीकडे आहे. तिच्याकडून चुकणार, म्हणून तर उजवीकडचा रकाना ठेवलाय. तो माझा."

बस्स. आवाज चढला नाही, माझी बाजू मांडणारं भाषण नाही, ती हुशार आहे, मेहनती आहे, असलंही काही नाही. साहेब क्षणभर त्या हिरव्या गोलाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "उद्या परत मोजून या."

बाहेर आल्यावर मी रडणार हे तुम्हाला दिसलं असावं. तुम्ही म्हणालात, "क्रेटचं वजन किती असेल गं?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग उद्या सकाळी साडेसातला मनपाच्या बसस्टॉपवर. भोसरीची बस."

तुम्हाला यायची काही गरज नव्हती. मला एकटीला पाठवता आलं असतं, ती शिक्षाच झाली असती आणि कुणी चूक म्हटलं नसतं. स्टोअरमधली ती हसलेली माणसं तिथेच होती. तुम्ही त्यांच्याकडे चहा मागितलात, रिकामी क्रेट मागितलीत, स्वतः उचलून काट्यावर ठेवलीत आणि मला म्हणालात, "वाच." मी वाचलं, 1 किलो 700. "मोठ्याने वाच." मी मोठ्याने वाचलं. 40 क्रेटचे 68 किलो. वजा केलं आणि साठा नोंदीशी जुळला, थोड्याशा फरकाने. हसणाऱ्यांपैकी एकजण मग म्हणाला, "ताई, मागच्या वर्षीवाल्याने तर काटाच शून्यावर घेतला नव्हता." तुम्ही त्याच्याकडे बघून मिश्कील हसलात. मागच्या वर्षीही उजवीकडे तुम्हीच होतात, हे मला नंतर कळलं.

काका, हल्ली मी बऱ्याच मोठ्या ऑफिसांत जाते. रिसेप्शनला काचेत लावलेली मूल्यं असतात, सचोटी, जबाबदारी, एकमेकांना साथ. दिसायला छान असतात, साफसफाईवाल्या मावशी रोज पुसतात. आत मीटिंगमध्ये काही बिघडलं की सगळ्यांचे डोळे टेबलाच्या शेवटी बसलेल्या सगळ्यात लहान पोराकडे जातात. तुमच्या ऑफिसात भिंतीवर फक्त तो फुलस्केप होता आणि एका पतसंस्थेचं कॅलेंडर. मला वाटतं चांगुलपणा असा जाहिरातीशिवायच मुरतो, लोणच्यासारखा, बरणी उघडल्यावर कळतं. आमच्या मेसच्या मावशीही तशाच होत्या, परीक्षेच्या दिवशी न सांगता दही-साखर ठेवायच्या. पण त्यांच्यावर वेगळं लिहीन, हे पत्र तुमचं आहे.

फायनलला मी दोनदा आपटले, तेव्हा तुम्हाला फोन करायची हिंमत झाली नाही. तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा पेढे घेऊन आले. तुम्ही पेढा खाऊन म्हणालात, "आता उजवीकडे सही करशील." मी ते अभिनंदन समजले होते. गुरुवारी कळलं ती ताकीद होती.

आता आर्टिकलशिप दोनच वर्षांची झालीय, 2023 पासून. तीन वर्षांत जेमतेम बसायचं ते दोन वर्षांत कसं बसवायचं म्हणून मीही भिंतीवर फुलस्केप लावलाय. पोरं हसतात, म्हणतात मॅडम, एक्सेलमध्ये करा ना. एक्सेलमध्ये खोडरबरचा वास येत नाही, हे त्यांना कसं सांगू? उमरग्याच्या पोराला मी त्या क्लायंटकडे एकटं पाठवलं नाही. शनिवारी आम्ही दोघं गेलो. क्रेडिट नोट त्याने स्वतः दाखवली, मी शेजारी बसून चहा प्यायले. क्लायंटकडचा चहा गोडमिट्ट होता, तुमच्या भोसरीच्या चहासारखाच.

तुम्ही रिटायर होऊन भोरला गेलात, व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाही, असं ऑफिसातून कळलं. तुमच्या सूनबाईंना हे पाठवतेय, त्या वाचून दाखवतील. त्यांना सांगा, "चेक्ड बाय"च्या जागी आवाज जरा मोठा करा.

एक कबुली राहिली. तुमचं हिरवं पेन माझ्याकडे आहे. शेवटच्या दिवशी रिलीव्हिंगच्या कागदांवर सही करायला मागून घेतलं आणि परत केलंच नाही. चोरलंच म्हणा. त्याची रिफिल संपलीय. अप्पा बळवंत चौकात तीन दुकानं फिरले, हिरवी मिळते पण जाड, आणि टोपणाशी झगडते. तुम्ही कुठून आणायचात ते कळवा. पेन मात्र परत मिळणार नाही.

तुमची,
डावीकडची सही