काका, त्या एकवीस ब्लाइंडसाठी

आदरणीय काका,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. नागपूरच्या धरमपेठेतल्या आपल्या शनिवारच्या पोकरच्या टेबलावरचे सगळे ओळखतीलच.

दोन वर्षं मला एकच सांगितलं जायचं, "ताई, चांगल्या पत्त्यांची वाट बघा." मी बघत बसायचे. नऊ जण, ब्लाइंड 100-200 (पत्ते बघण्याआधीच दोघांनी आळीपाळीने टाकायच्या चिप्स, 200 वाला बिग ब्लाइंड), शिवाय प्रत्येकाचा दर डावाला 25 अँटे, म्हणजे नुसतं बसून राहिलं तरी नऊ डावांच्या फेरीमागे 525 जातात. पाच हजारांची रास साडेनऊ फेऱ्यांत संपते, ब्लाइंड वाढले की त्याआधीच. हे कुणी मोजून दाखवलं नाही. शिकवण्याचे पैसे घेणाऱ्या एकाने कोणते पत्ते खेळायचे याचा तक्ता हातात दिला आणि पुन्हा विचारलंही नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही म्हणालात, "पत्ते पाहाच्या आंधी डावीकडं पाह्य." कटऑफला, म्हणजे बटणाच्या (वाटणाऱ्याच्या जागेच्या) एक आधी बसलं की आपल्यामागून खेळणारे बटण आणि दोन ब्लाइंड, एवढे तिघेच उरतात. त्यातला कुणी दहा ब्लाइंडवर, म्हणजे दोन हजारांवर आला असेल तर तो चिडून सगळं लावणार, मोठ्या राशीवाला सहज कॉल करणार, म्हणजे तेवढेच लावून डावात राहणार. आपल्यासारखे मधल्या राशीचे, जपून खेळणारे असतील तर लावणं वाढवून मधल्या चिप्स चोरायला पुढे व्हायचं. मधे आधीच पडलेल्या 525 साठी 450 लावले, तर निम्म्याहून कमी वेळा जमलं तरी चालतं. हे गणित कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पण पत्र त्यासाठी नाही.

त्या शनिवारी कटऑफला माझ्याकडे 4,800 होते. राजा आणि नव्वी, दोन्ही इस्पिक. पुढच्या सगळ्यांनी पत्ते टाकले, मी 450 केले, आणि बिग ब्लाइंडने सगळं लावलं. मी पत्ते टाकले. "चोरी पकडली!" म्हणून टेबल हसलं. आपण पैसे लावत नाही, प्लॅस्टिकच्या चिप्स त्या. तरी माझे हात असे थरथरले की रास कोसळली, काही चिप्स खाली गेल्या.

चहाला सगळे उठले. तुम्ही गुडघा दुखत असताना खाली वाकलात, एकेक चिप वेचलीत आणि माझ्यापुढे सारख्या उंचीच्या थप्प्या लावल्यात. "कायले रडतं वं पोरी? मोज. एकवीस ब्लाइंड हायेत अजून. बरोबर टाकले तू पत्ते."

हरलेल्या डावात बरोबर खेळलीस, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. टेबलावर नाही, घरी नाही, नोकरीतही नाही. हुशार माणसं खूप भेटली काका, पण खाली वाकणारी फार थोडी.

पुढच्याच फेरीत हायजॅकवरून, म्हणजे कटऑफच्याही एक आधीच्या जागेवरून, मी पुन्हा 450 केले. तिथं मागे चौघे असतात, तरी केले. सगळ्यांनी पत्ते टाकले. तुम्ही वर पाहिलंही नाहीत, नुसता चहाचा घोट घेतलात.

रविवारी सकाळी तर्री-पोहे माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही.

तुमची,
कटऑफवाली पोरगी