तीन नंबरची काळी गाडी

कॉन्कर्ड, नॉर्थ कॅरोलिना
२० फेब्रुवारी २०२४

प्रिय बंड्या,

पत्राला उशीर झाला. कारण आळस, दुसरं काही नाही. पण परवाचा रविवार असा गेला की तुलाच लिहावंसं वाटलं. फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर तू मधे मधे बोलतोस.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, "दिग्या, त्या गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांत काय बघतोस बे तू?" इथं नवा आलो तेव्हा मीही हेच म्हणायचो. घरापासून दहा मिनिटांवर केवढा तरी रेसचा ट्रॅक आहे, मे महिन्यात सगळा गाव तिकडं लोटतो, आणि मी खिडकी बंद करून बसायचो. नाद लागला तो शेजारच्या म्हाताऱ्यामुळं. मागं तुला लिहिलं होतं बघ, आमच्या कुंपणापलीकडं टोमॅटो लावतो तो. जन्म इथून जवळच्या कॅनापोलिस गावातला. आणि ते गाव कशासाठी प्रसिद्ध? टॉवेल आणि चादरी! ऐकलं तेव्हा मला हसूच फुटलं. सोलापुरातून निघून अर्धी पृथ्वी ओलांडली आणि येऊन पडलो ते पुन्हा टॉवेलच्याच गावाशेजारी. कॅनन मिल. गावातली घरं मिलची, दुकानं मिलची. १९८४ सालापर्यंत तिथं स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती, मिल म्हणजेच गाव. म्हाताऱ्याची तीस वर्षं टॉवेलच्या मागावर गेली. त्याला मी म्हटलं, माझ्या मित्राचे वडील पण मागावरच होते. तेव्हापासून त्याच्या घरचे टोमॅटो आम्हाला फुकट.

तर परवा रविवार, १८ फेब्रुवारी. फ्लोरिडातली डेटोना ५०० ही शर्यत त्या दिवशी होती. वर्षातली पहिली आणि सगळ्यांत मोठी. म्हाताऱ्यानं मला जेवायलाच बोलावलं होतं. पण डेटोनाला पावसाची झड लागलेली, सकाळीच कळलं की शर्यत सोमवारी. (या गाड्यांचे टायर गुळगुळीत असतात, ओल्या उतारावर टिकत नाहीत.) मी म्हटलं, मग उद्याच येतो. तो म्हणाला, "आजच ये. आज अठरा तारीख आहे. आणि रविवार."

तेवीस वर्षांपूर्वीचा तो दिवसही रविवारच होता. १८ फेब्रुवारी २००१. त्या दिवशी डेटोनाला डेल अर्नहार्ट गेला.

डेल कोण हे तुला ठाऊक असायचं कारण नाही. तो कॅनापोलिसचाच. बाप रॅल्फ मिलमध्ये काम करायचा आणि मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवायचा. पुढं मिल सोडून त्यावरच घर चालवलं. डेलनं नववीतच शाळा सोडली. बाप १९७३ मध्ये हृदयविकारानं गेला. पोरानं पुढं सात वेळा वर्षाचं अजिंक्यपद मिळवलं, ७६ शर्यती जिंकल्या. काळी गाडी, तिच्यावर पांढरा तीन नंबर. समोरच्यानं वाट दिली नाही तर मागून हलकेच ढुशी देऊन बाजूला सारणार. म्हणून नाव पडलं 'इंटिमिडेटर', धाक घालणारा. निम्मं पब्लिक त्याला डोक्यावर घ्यायचं, निम्मं शिव्या घालायचं. शिव्या घालणारेही तिकीट काढूनच यायचे.

म्हाताऱ्याचा जीव मात्र त्या ढुशीत नव्हता. तो म्हणतो, आम्ही त्याला मार खाऊन उठताना बघायला जायचो. १९९७ च्या डेटोनाची गोष्ट त्यानं मला निदान चार वेळा सांगितली असेल. डेलची गाडी उलटली, कोलांटी खाऊन परत चाकांवर आली. त्याला ॲम्ब्युलन्सकडं नेलं. आत जाताना यानं मागं वळून पाहिलं, तर गाडीची चारी चाकं जागेवर. लगेच परत फिरला, गाडीत असलेल्या माणसाला म्हणाला, चालू होते का बघ. झाली. त्याला बाहेर काढलं आणि तो चेपलेला डबा घेऊन शर्यत पुरी केली! पुढच्याच वर्षी, विसाव्या प्रयत्नात, डेटोना ५०० त्यानं एकदाची जिंकली, तेव्हा सगळ्या टीमचे मेकॅनिक रांगेत उभे राहिले त्याच्याशी हात मिळवायला. ज्यांच्या गाड्या त्यानं आयुष्यभर ठोकल्या, तेसुद्धा. हे सांगताना म्हातारा खुर्चीतून अर्धा उठतो.

आता तो रविवार. डेटोनाचा ट्रॅक म्हणजे अडीच मैलांची एक फेरी. वळणावरचा रस्ता ३१ अंशांनी कललेला, नुसता उभा राहिलास तर गडगडत खाली येशील. अशा २०० फेऱ्या. १७३ व्या फेरीला मोठी टक्कर झाली, अठरा-एक गाड्या एकमेकींत घुसल्या. टोनी स्टुअर्टची गाडी हवेत उडाली, दुसऱ्यांच्या अंगावरून गेली. सगळ्यांना वाटलं, हा संपला. तो वाचला. शर्यत थांबवली, ट्रॅक झाडला, परत सुरू केली.

शेवटच्या फेरीत पुढं मायकल वॉलट्रिप, मागं डेलचा पोरगा, तिसरा डेल स्वतः. पुढच्या दोन्ही गाड्या डेलच्याच मालकीच्या टीमच्या. वॉलट्रिपनं तोवर ४६२ शर्यतींत एकही जिंकली नव्हती. आणि हा माणूस, जो आयुष्यात कुणाला वाट देत नव्हता, तो त्या दिवशी मागच्यांना अडवून धरत होता, पुढच्या दोघांना जाऊ देत होता. शेवटच्या वळणावर त्याची गाडी स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीला घासली, डावीकडं खाली गेली, तिथून एकदम उजवीकडं चढली. मधेच केन श्रेडरच्या गाडीची धडक बसली आणि दोन्ही गाड्या भिंतीवर. मग घसरत घसरत खाली गवतावर येऊन थांबल्या. बस, एवढंच.

मीही ते चित्रण पाहिलंय, बंड्या. स्टुअर्टच्या उडीपुढं ते काहीच वाटत नाही. म्हातारा म्हणाला, "मी तर वॉलट्रिप जिंकला म्हणून टाळ्या वाजवत होतो. म्हटलं, डेल आता उतरेल, शिव्या देत येईल." टीव्हीवर वॉलट्रिपचाच मोठा भाऊ डॅरेल समालोचन करत होता, भाऊ जिंकला म्हणून त्याचा गळा दाटलेला. आणि त्याच दमात तो विचारत होता, डेल बरा आहे ना? श्रेडर आपल्या गाडीतून उतरून डेलच्या खिडकीशी गेला, आत वाकला आणि दोन्ही हात हलवून मदतीला बोलावू लागला. म्हातारा म्हणतो, ते हात बघितले आणि माझ्या बायकोनं गॅस बंद केला. का केला ते तिलाही सांगता आलं नाही.

मग वाट बघणं. त्याच्या बोलण्यात या दोन तासांना जेवढी जागा आहे तेवढी टकरीला नाही. इस्पितळात पाच वाजून सोळा मिनिटांनी मृत्यू जाहीर केला होता, पण लोकांना कळायला सात वाजायला आले. तोवर टीव्हीवरचं प्रक्षेपणही संपलेलं. कॅनापोलिसमध्ये माणसं फोन उचलायला घाबरत होती. मिलमध्ये रात्रपाळीला जाणारे रेडिओ लावून गाडीतच बसून राहिले, आत कुणी जाईना. शेवटी या शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार संस्थेचा अध्यक्ष माइक हेल्टन समोर आला आणि एका वाक्यात सांगून मोकळा झाला. डेल तेव्हा ४९ वर्षांचा होता.

मला हे सगळं ऐकताना आपल्या मिलचा भोंगा आठवत होता. तुला आठवतो का, जो एक दिवस वाजलाच नाही? सगळी गल्ली दारात येऊन उभी होती, काहीतरी झालंय एवढंच माहीत. तुझे अण्णा डबा भरून तयार होते, आणि आईनं तो परत रिकामा केला.

मरण्याचं कारण विचित्र होतं. पट्ट्यानं अंग सीटला बांधलेलं. गाडी थांबली, अंग थांबलं, डोकं मात्र थांबलं नाही. मानेच्या वर, कवटीच्या बुडाशी हाड मोडलं. त्याआधीच्या नऊ-दहा महिन्यांत तीन पोरं याच तऱ्हेच्या टकरीत गेली होती: ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर. पेटी तर एकोणीस वर्षांचा. म्हणजे रोग माहीत होता. औषधही होतं. हॅन्स नावाची एक कॉलर: खांद्यावर बसते, पट्ट्याखाली दाबली जाते आणि दोऱ्यांनी हेल्मेटला अडकते, डोक्याला पुढं झेपावू देत नाही. रॉबर्ट हबर्ड नावाच्या प्राध्यापकानं आणि त्याचा मेहुणा जिम डाउनिंग यानं ती ऐंशीच्या दशकातच बनवली होती. त्या दिवशी ४३ ड्रायव्हरांत ती घातलेले मोजकेच. डेलला ती नकोच होती, गळफास म्हणायचा म्हणे तिला. हेल्मेटसुद्धा उघड्या तोंडाचं घालायचा.

इथं मी म्हाताऱ्याला म्हटलं, माझ्या मित्राचे वडील मागावर नाकाला फडकं बांधत नसत. म्हणायचे, श्वास कोंडतो. म्हातारा काही बोलला नाही. मग खोकला. त्याचा खोकला तू ऐकशील तर दचकशील बंड्या, अगदी अण्णांचा. इथं त्याला 'तपकिरी फुफ्फुस' म्हणतात. कापसाच्या धुळीचा रोग. तोही कधी फडकं बांधत नव्हता.

कॉलर सक्तीची व्हायला त्याच वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. आणि ती काही डेल गेला म्हणून लगेच झाली नाही. ४ ऑक्टोबरला आमच्या या घराजवळच्या ट्रॅकवर, दुसऱ्या एका मालिकेच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर नावाचा पोरगा तशाच जखमेनं गेला. त्याच्याशी टक्कर झालेली गाडी कुणाची होती? डेलच्या थोरल्या मुलाची, केरीची. त्याला काही झालं नाही, पण त्याच्यावर काय आलं असेल बघ. त्यानंतर दोन आठवड्यांत नियम आला. पुढं भिंतींना पोलादी नळ्यांचं आणि फोमचं अस्तर लागलं. तेव्हापासून आजवर या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर गेलेला नाही. २०२० साली याच डेटोनाला रायन न्यूमनची गाडी शेवटच्या फेरीत उलटीपालटी झाली. दोन दिवसांनी तो दोन्ही लेकींचे हात धरून इस्पितळातून चालत बाहेर पडला. लोक म्हणतात, डेलच्या मरणानं हे झालं. मला हे बोलणं पटत नाही. कॉलर आधीच बनलेली होती, विकत मिळत होती.

एक गोष्ट म्हातारा दरवर्षी टाळायचा, ती परवा बोलला. त्या आठवड्यात लोकांनी स्टर्लिंग मार्लिनला जिवे मारायच्या धमक्या दिल्या. यानं घासली म्हणून डेल गेला, असं. शेवटी डेलचा पोरगा आणि वॉलट्रिप दोघांनी उघड सांगितलं की त्याचा दोष नाही, त्याला सोडा. म्हातारा म्हणाला, "मी धमकी नाही दिली. पण त्याला फोन कुणी लावून दिला असता तर मीही तसंच बोललो असतो. चर्चमधून येऊन बोललो असतो." आणि मग बराच वेळ टेबलावरचा चमचा सरळ करत बसला.

त्या साली प्रत्येक शर्यतीत तिसऱ्या फेरीला प्रेक्षक उभे राहून तीन बोटं वर करायचे आणि टीव्हीवरचे समालोचक अख्खी फेरी गप्प राहायचे. डेलच्या जागी केविन हार्विक नावाचा नवखा पोरगा बसवला, गाडी पांढरी केली, नंबर बदलून २९ केला. त्यानं तिसऱ्याच शर्यतीत सेकंदाच्या सहा हजारांशांनी बाजी मारली. जुलैमध्ये डेलचा धाकटा मुलगा त्याच डेटोनाला जिंकला. पण कॅनापोलिसची साडेसाती संपली नाही. २००३ साली मिल बंद. हजारो माणसं एका दिवसात घरी, त्यात आपला म्हाताराही. मी त्याच्याबरोबर त्या गावात गेलोय. चौकात डेलचा नऊ फुटी कांस्याचा पुतळा आहे, हाताची घडी घातलेला, अंगात साधी जीन. मिल होती तिथं आता संशोधन केंद्राच्या चकचकीत इमारती. म्हाताऱ्याला मिल कुठवर होती विचारलं, तर तो पुतळ्यापासून पावलं मोजून दाखवायला लागला.

काल सोमवारी शर्यत झाली. विल्यम बायरन जिंकला, आमच्या शेजारच्या शार्लट शहराचाच पोरगा. पण मला सांगायचंय ते तिसऱ्या फेरीचं. म्हाताऱ्यानं रिमोट घेऊन आवाज बंद केला. खुर्चीच्या हाताला धरून उठला, तीन बोटं वर. बायको स्वयंपाकघराच्या दारात, हात ओले, तीन बोटं वर. मी काय करणार? मी त्या माणसाला कधी पाहिलेला नाही, तो गेला तेव्हा मी सोलापुरात नोकरी शोधत हिंडत होतो. पण बसून राहणं बरं दिसेना. उठलो. गाड्या आवाज न करता फिरत होत्या, ती खोली जड झाली होती. पाऊण मिनिट असेल फार तर. मग त्यानं आवाज लावला आणि मला म्हणाला, "चिप्स घे."

आता कामाचं. मी त्याला बोलून बसलोय की सोलापूरचा टॉवेल दाखवीन. त्यानं मला कॅननचा एक जुना टॉवेल दिलाय, तीस-चाळीस वर्षांचा, अजून पाणी पितो. मे महिन्यात मंजूचा भाऊ इकडं येतोय, त्याच्याजवळ दोन टॉवेल दे. दुकानात दिखाऊ घेऊ नकोस, अण्णांच्या ओळखीतला कुणी मागवाला अजून असेल तर त्याच्याकडून घे. कड नीट शिवलेली बघ आणि लूप ओढून बघ, सुटता कामा नये. म्हातारा उलटा करून, उजेडात धरून बघणार आहे.

अण्णांना नमस्कार. खोकल्याचं औषध वेळेवर घेतात का ते कळव.

तुझा,
दिग्या