शेपटीकडे बघायला लावणाऱ्या ताईंना

ताई,

माझ्या तीनचाकी पॅडल गाडीचं कवच परवा पूर्ण झालं. पहिली फेरी मारून उतरलो आणि आधी तुमची आठवण आली. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे दाखवलंत ते हलकी गाडी बांधणाऱ्या कुणाच्याही कामाचं आहे.

मी महिनाभर नुसत्या नाकाच्या मागे लागलो होतो. बाणासारखं टोक केलं की गाडी हवा चिरत जाईल, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. तुम्ही आराखडा पाहिलात आणि एवढंच विचारलंत, "आणि मागे काय?" मागे कवच खांद्यापासून एकदम खाली उतरवलं होतं.

फायबर चढवायला काढलेलं तुम्ही थांबवलंत. लोकरीचे बोटभर धागे कवचाच्या पुठ्ठ्याच्या नमुन्यावर चिकटवायला लावलेत आणि स्वतः शेजारून सायकल चालवत चित्रण केलंत. ते बघताना मी गप्पच झालो. नाकावरचे धागे अंगासरशी झोपलेले, खांद्यामागचे मात्र गरगरत होते. काही तर उलटे, पुढे तोंड करून. हवा तिथेच अंग सोडत होती आणि मागे पडलेला कमी दाब गाडीला खेचत होता.

मग तुम्ही आकडे सांगितलेत. चेंडूचा ड्रॅग गुणांक, म्हणजे आकार हवेला किती अडवतो त्याचं माप, साधारण ०.४७, थेंबाच्या आकाराचा ०.०५ च्या आसपास. तोंड दोघांचंही गोलच, फरक सगळा शेपटीचा! वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट आणि लागणारी ताकद आठपट, त्यामुळे पायांवर चालणाऱ्या गाडीत हा फरक फार मोठा.

पूर्ण थेंबाची लांब शेपूट वजनाला आणि वळणाला परवडत नव्हती. तेव्हा तुम्ही जर्मन मोटार-अभियंते वुनिबाल्ड काम (Kamm) यांची १९३० च्या दशकातली युक्ती समजावलीत: दहाएक अंशांच्या उताराने निमुळतं करत न्यायचं आणि मग सरळ कापून टाकायचं. "घाईने वळवू नकोस, त्यापेक्षा काप," हे तुमचं वाक्य मी आराखड्याच्या कडेला लिहून ठेवलंय. थर्माकोलच्या तीन शेपट्या कापून पाहिल्या तेव्हा तुम्ही तिन्ही वेळा आलात. त्या वेळेचे आभार कसे मानू, ताई?

आता धागे शेवटच्या कडेपर्यंत शांत झोपतात. डाव्या चाकाजवळचे दोन अजून फडफडतात. झाकणाचा पुठ्ठा कापून ठेवलाय. तुम्ही आलात की बसवू.